फोन निवडताना अंगठ्याला विचारा

पुण्याच्या चांदणी चौकातून भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकून पौडच्या दिशेने गेले की मुळशी तालुक्यातले कासार आंबोली लागते. इथल्या एका घरात दोन जावांनी नवे फोन घेतले असे समजा. किंमत जवळपास सारखी, रॅम सारखी, स्क्रीन दोन्हींची साडेसहा इंची आणि आत अँड्रॉइडच. कागदावर दोन्ही फोन जुळे. पण थोरलीने धाकटीचा फोन हातात घेतला, मागे जाण्यासाठी सवयीने खाली डावीकडे बोट टेकवले, तर मागचे पान येण्याऐवजी उघडलेल्या ॲपची रांगच समोर आली.

यात थोरलीचे काही चुकलेले नाही. अँड्रॉइडचा मूळ गाभा गूगलने खुला ठेवला आहे आणि प्रत्येक कंपनी त्यावर आपला साज चढवते. सॅमसंगचा ‘वन यूआय’, शाओमीचा ‘हायपरओएस’, ओप्पोचा ‘कलरओएस’ हे असे वेगवेगळे साज. मूळ अँड्रॉइडच्या तीन बटणांत ‘बॅक’ डावीकडे असते. सॅमसंगच्या मांडणीत ते उजवीकडे येते. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून तर बटणांशिवाय, स्क्रीनच्या कडेवरून बोट आत सरकवून मागे जाण्याचीही सोय झाली. हजारदा केलेली हालचाल हाताला पाठ होते, तिच्यासाठी वेगळा विचार लागत नाही. जागा बदलली की ही पाठ झालेली हालचालच आड येते. नवा फोन सुरुवातीला अवघड वाटतो तो यामुळे.

काही अडचणी मात्र सवयीने सुटत नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये एक नियम मांडला: लक्ष्य जितके लांब आणि जितके लहान, तितका तिथवर अचूक पोहोचायला वेळ जास्त. तेव्हा स्मार्टफोन नव्हते, पण बटण कुठे आणि केवढे असावे हे ठरवताना आजही हाच नियम कामाला येतो. साडेसहा इंची फोनची स्क्रीन उभी सुमारे 15 सेंटिमीटर असते. एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्यात फोन असेल, तर वरच्या कोपऱ्यातले चिन्ह गाठताना अंगठा ताणावा लागतो, पकड सैल होते. म्हणून सॅमसंगने 2018 मध्ये ‘वन यूआय’ आणताना मथळे वर ठेवले आणि बोट लावायच्या गोष्टी स्क्रीनच्या खालच्या भागात आणल्या. स्पर्शाची जागा साधारण नऊ मिलिमीटरपेक्षा लहान नसावी, असे गूगलची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हे आकडे फोनच्या खोक्यावर छापलेले नसतात.

मराठी माणसासाठी खरी परीक्षा कीबोर्डची. गावाचेच नाव लिहून पाहा. इंग्रजी अक्षरांतून उच्चारानुसार लिहिले, तर ‘कासार’ आणि ‘कसर’ या दोन्हींचे स्पेलिंग एकच होते. त्यातला कोणता शब्द पुढे करायचा, हे कीबोर्ड अंदाजाने ठरवतो. इन्स्क्रिप्ट मांडणीत असा अंदाज नसतो. 1991 च्या भारतीय मानकात आलेल्या या मांडणीत प्रत्येक व्यंजनाला आणि मात्रेला स्वतःची कळ आहे. ‘का’साठी आधी क, मग काना. त्यासाठी कळांच्या जागा मात्र लक्षात ठेवाव्या लागतात.

मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विभागाने तिसरी वाट काढली. त्यांच्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डवर व्यंजनावर बोट ठेवताच भोवती त्या अक्षराची बाराखडी फुलते. हव्या मात्रेकडे बोट सरकवायचे आणि उचलायचे. ‘कासार आंबोली’तली का, सा, बो, ली ही चारही अक्षरे अशी प्रत्येकी एका हालचालीत उमटतात. शाळेत पाटीवर गिरवलेल्या बाराखडीचेच तर्कशास्त्र इथे बोटाखाली आले आहे. इंग्रजीसाठी घडलेल्या साच्यात मराठी कोंबण्यापेक्षा लिपीच्या घडणीतून कीबोर्ड घडवणे, हा मला अधिक मोलाचा विचार वाटतो.

त्यामुळे दोन सारख्या फोनांची तुलना मेगापिक्सेल आणि गिगाबाइटवर संपत नाही. स्क्रीन सेकंदाला 60 ऐवजी 120 वेळा ताजी होत असेल, तर दोन चित्रांमधले अंतर 16.7 मिलिसेकंदांवरून 8.3 वर येते आणि हालचाल नितळ दिसते. पण त्याच फोनवर अक्षर मोठे करण्याची सेटिंग पाच पानांआड दडली असेल, तर चष्मा लावणाऱ्या आजीला त्या नितळपणाचा काय उपयोग?

दुकानात गेलात की दोन्ही फोन हातात घ्या आणि प्रत्येकावर तीन कामे करा. एकाच हाताने नेहमीच्या माणसाला फोन लावा. अक्षर मोठे करा. मराठीत आपल्या गावाचे नाव लिहा. किती वेळा बोट लावावे लागले आणि कितीदा चुकले, ते मोजा. आणि फोन ज्यांच्यासाठी घ्यायचा आहे, त्यांना सोबत न्या. ही कामे त्यांच्याच हातून करून घ्या. फोन रोज त्यांनाच वापरायचा आहे.