विकायची घाई असलेला मालक कुठे सापडतो?

रिसेल फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच पैसे गुंतवताय? मग पोर्टलवरच्या जाहिराती थोड्या बाजूला ठेवा. तिथला निम्मा मालकवर्ग नुसता भाव काढायला बसलेला असतो.

खरी घाई कुणाला असते? ज्यांनी नवं घर आधी घेतलं आणि जुनं विकायचं राहिलंय त्यांना. जुन्या घराच्या नफ्यावर करसवलत हवी, तर नवं घर घेतल्यापासून वर्षाच्या आत जुनं विकावं लागतं. अशा मालकाला नवव्या-दहाव्या महिन्यात भेटा, बोलण्याचा सूरच वेगळा लागतो. शिवाय बऱ्याचदा दोन हप्ते चालू असतात ते वेगळंच.

दुसरे म्हणजे परदेशी स्थायिक झालेले वारस. आई-वडिलांचा पुण्यातला फ्लॅट बंद, मेंटेनन्स मात्र सुरू. यांचा पत्ता लागतो तो सोसायटीच्या सेक्रेटरीकडे नाहीतर वॉचमनकडे. पण सह्या सगळ्या वारसांच्या हव्यात. आणि विकणारा अनिवासी असेल तर टीडीएस नेहमीच्या १ टक्क्याने नाही, अनिवासींसाठीच्या वेगळ्या नियमाप्रमाणे कापावा लागतो. सीए गाठाच.

बँकेच्या ताबा नोटिसा मराठी पेपरात येतात, त्याही वाचा. लिलावाआधी मालक स्वतः विकायला तयार असू शकतो. मात्र बँकेच्या लेखी संमतीशिवाय टोकन देऊ नका. आणि माणूस अडचणीत आहे म्हणून भाव पाडून मागू नका, ते मला पटत नाही.

भाव ठरवण्याआधी त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांची सूची क्र. २ नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जरूर बघा.