शोकातही ढळला नाही तोल

जून 2019. जपानमधील हिरोशिमा येथे महिला हॉकीच्या एफआयएच मालिकेची अंतिम स्पर्धा ऐन रंगात आली होती. अंतिम फेरी गाठणाऱ्या दोनच संघांना ऑलिंपिक पात्रतेच्या पुढच्या टप्प्याचे द्वार खुले होणार होते आणि भारतापुढे चिलीविरुद्धचा उपांत्य सामना होता. त्याच सुमारास भारतीय संघातील एकोणीस वर्षांच्या लालरेमसियामीला मिझोरमहून निरोप आला. हृदयविकाराच्या झटक्याने तिच्या वडिलांचे निधन झाले होते.

मिझो समाजात मृत्यू हे एका घरापुरते दुःख राहत नाही. गावातील तरुण स्वतः कबर खणतात, शेजारीपाजारी शोकग्रस्त कुटुंबासोबत रात्र जागून काढतात. अशा समाजातील मुलीने पित्याच्या अंत्यविधीला नसणे किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. ती तत्काळ घरी परतली असती, तर कोणीही तिला बोल लावला नसता. परंतु वडिलांना आपला अभिमान वाटेल असेच आपण वागायचे, म्हणून खेळायचे आणि संघाला पुढे न्यायचे, असे तिने प्रशिक्षकांना सांगितले. भारताने चिलीला 4-2 असे नमविले आणि अंतिम सामन्यात यजमान जपानवर 3-1 अशी मात केली. त्यानंतरच ती कोलासिबला परतली. मायलेकींची भेट अश्रूंतच झाली.

हा निर्धार एका रात्रीत आलेला नव्हता. 30 मार्च 2000 रोजी उत्तर मिझोरममधील कोलासिब येथे एका शेतकरी कुटुंबात लालरेमसियामीचा जन्म झाला. सहकारी तिला प्रेमाने ‘सियामी’ म्हणतात. वयाच्या अकराव्या वर्षी तिची निवड थेनझोल येथील हॉकी प्रशिक्षण केंद्रात झाली. थेनझोल हे हातमागावरच्या सुबक विणकामासाठी प्रसिद्ध असलेले गाव. धाग्यामागून धागा जोडत वस्त्र सिद्ध करणाऱ्या त्या गावी या मुलीने रोजच्या सरावातून आपला खेळ घडविला. ज्या वयात मुले आईचा पदर सोडत नाहीत, त्या वयात तिने घर सोडले होते.

2016 मध्ये ती दिल्लीच्या राष्ट्रीय हॉकी अकादमीत आली, तेव्हा आणखी एक अडचण उभी राहिली. तिला मिझो भाषेखेरीज अन्य भाषा फारशी येत नव्हती. हिंदी अवघड, इंग्रजीही तशीच. मैदानावर क्षणात द्यायची हाक, प्रशिक्षकांची सूचना, भोजनगृहातील साधा संवाद, सारेच परके होते. सुरुवातीला तिने खाणाखुणांवर निभावून नेले. पुढे सहकारी खेळाडूंच्या मदतीने ती हळूहळू हिंदी बोलू लागली. या काळात चेंडूची भाषा मात्र तिला कोणी शिकवावी लागली नाही.

सियामी आघाडीला खेळत असे. आघाडीच्या खेळाडूचे काम केवळ गोल करणे, असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जाताच पहिली बचावपटू तीच असते. धावत जाऊन प्रतिस्पर्ध्यावर दडपण आणणे, त्याची वाट अडविणे, सहकाऱ्यासाठी जागा मोकळी करणे, ही कामे गुणफलकावर कधीच दिसत नाहीत. तिच्या खेळाचे मोठे मोल या न दिसणाऱ्या धावण्यात आहे. गोलही तिच्या वाट्याला आले. 2018 मध्ये लंडनच्या विश्वचषकात इटलीविरुद्ध भारताचा पहिला गोल तिचाच होता. तो सामना भारताने 3-0 असा जिंकून उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक मिळविणाऱ्या संघातही ती होती. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने 2019 या वर्षातील सर्वोत्तम उदयोन्मुख महिला खेळाडू म्हणून तिचा गौरव केला.

हिरोशिमातील विजयाचे फळ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिळाले. भुवनेश्वर येथे अमेरिकेविरुद्धच्या दोन सामन्यांत एकूण 6-5 अशा निसटत्या आघाडीने भारताने टोकियोचे तिकीट मिळविले. ऑलिंपिकमध्ये खेळणारी मिझोरमची पहिली महिला होण्याचा मान सियामीला लाभला. टोकियोत पहिले तिन्ही सामने गमावूनही संघ खचला नाही. ऑस्ट्रेलियासारख्या बलाढ्य संघाला 1-0 असे हरवून त्याने उपांत्य फेरी गाठली. कांस्यपदक ब्रिटनविरुद्ध 3-4 अशा पराभवाने हुकले. तरीही चौथे स्थान ही भारतीय महिला हॉकीची ऑलिंपिकमधील मोठी झेप ठरली.

2022 मध्ये ती कनिष्ठ विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेत गेली, तेव्हा संघात मिझोरमच्या आणखी दोन मुली होत्या आणि आपल्या सातारा जिल्ह्यातील अक्षता ढेकळेही होती. कधी एकटीने परभाषेच्या गावी आलेल्या सियामीला आता आपल्या बोलीत हाक मारणाऱ्या मैत्रिणी लाभल्या होत्या. एका मुलीने मळविलेली वाट इतरांची झाली, याहून मोठे यश कोणते?

स्वतःआधी इतरांचा विचार करणे, संकटात मागे न हटणे, या वृत्तीला मिझो लोक ‘त्लॉमङाइह्ना’ म्हणतात. सियामी या संस्कारात वाढली. जैन परंपरेने समतेला साधनेत मोठे स्थान दिले आहे. लाभ-हानी, सुख-दुःख यांत मन स्थिर ठेवणे ही समता. पण समता म्हणजे भावशून्यता, असा गैरसमज आपल्या घराघरांतून आढळतो. रडणाऱ्या मुलाला ‘गप्प बस’ म्हणणे म्हणजे त्याला समता शिकविणे नव्हे. हिरोशिमात सियामीने दुःख नाकारले नाही. दुःखासह तिने आपले कर्तव्य केले आणि घरी परतल्यावर आईजवळ मोकळेपणाने अश्रूही ढाळले. प्रत्येकाने तिच्यासारखाच निर्णय घ्यावा, असे नाही. अंत्यविधीसाठी घरी धावणारी मुलगीही तितकीच कर्तव्यदक्ष असते.

आपल्या मुलामुलींना मैदानावर पाठविताना पालक पदकाची चिंता करतात. पदक मिळेल किंवा न मिळेल. हरल्यावर उठणे, आपल्या वाट्याचे काम कोणी न पाहताही करणे आणि शोकाच्या घडीला तोल सांभाळणे, एवढे जरी मैदानाने शिकविले, तरी तो वेळ सार्थकी लागला म्हणावे.