मोटर पावसाळ्यात मरते

बटण दाबलं आणि कूलर नुसता घुमला. पातं जागचं हललं नाही. एप्रिलचा दुसरा आठवडा, वाशीमचा पारा 42 च्या आसपास. गेल्या पावसाळ्यापासून पडवीत जुनी चादर पांघरून उभा असलेला पत्र्याचा कूलर मी आदल्या संध्याकाळी धुतला होता, नव्या ताट्या बसवून खिडकीला लावला होता. मी दोन-तीनदा बटण बंद-चालू करून पाहिलं. चौथ्या वेळी घुमणं थांबलं आणि करपल्याचा वास आला.

मेकॅनिक दुपारी आला. बटणाला हातही न लावता त्याने आधी पिन काढली आणि ती वायरसकट आपल्या पायाशी, डोळ्यांसमोर ठेवली. टाकी रिकामी केली, मागची ताटी उतरवली आणि एका बोटाने पातं ढकललं. ते दगडासारखं घट्ट.

"कंडेन्सर गेला असेल का?" मी विचारलं.

"कंडेन्सर गेला असता तर पातं हातानं मोकळं फिरलं असतं. हे जाम हाये. भाऊ, कूलरची मोटर उन्हाळ्यात नाई मरत, पावसाळ्यात मरते. आपल्याले समजते एप्रिलमंधी."

मोटरचा दांडा ज्या बुशमध्ये फिरतो, त्याच्याभोवती तेल प्यायलेली फेल्टची चकती असते. मोटर चालत असते तोवर तेल पसरत राहतं. चार महिने पावसाची ओल खाऊन ती उभी राहिली की तेल आटतं, दांड्यावर गंज चढतो आणि बुश त्याला धरून ठेवतो. अशा मोटरला वीज दिली की ती फिरत नाही, पण फिरण्यासाठी नेहमीपेक्षा खूप जास्त करंट ओढते. सगळी वीज गुंडाळीत उष्णता होऊन बसते, आणि वारा घेऊन ती थंड करायला पातंही फिरत नसतं. थोड्याच वेळात तारेवरचं इनॅमल करपतं. मी चार वेळा बटण दाबलं नसतं, तर बुश साफ करून, दोन थेंब तेल सोडून हीच मोटर चालली असती. हे त्याने मला सांगितलं नाही. मला विचारावं लागलं, तेव्हा तो नुसता हो म्हणाला.

त्याने पिशवीतून सिरीज बोर्ड काढला: एक बल्ब, दोन उघडी टोकं. गुंडाळीच्या तारांना टोकं लावली तेव्हा बल्ब हवा त्याहून जास्त उजळला. आत वेटोळी एकमेकांना चिकटली होती. मग एक टोक तारेला आणि दुसरं मोटरच्या अंगाला लावलं. बल्ब मिणमिणला.

"बॉडीले लागली."

दारात उभी असलेली आई तेव्हा म्हणाली, की सकाळी पुसताना पत्र्याला हात लागला तेव्हा मुंग्या आल्यासारखं झालं होतं. आम्ही दोघांनी एकदमच वायरच्या टोकाकडे पाहिलं. पिन दोन खुंट्यांची होती. कधीतरी, कुणीतरी, म्हणजे आमच्याच घरात, तिसरी, अर्थिंगची तार कापून टाकली होती. विदर्भात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात वाचतो. ती आपल्या पडवीपासून किती हातांवर होती, ते त्या मिणमिणत्या बल्बाने दाखवलं.

सगळ्यात जास्त वेळ पातं काढायला लागला. पात्याच्या मध्यातला स्क्रू गंजून दांड्याशी एकजीव झालेला. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार वर चढलेले. त्याने रॉकेल सोडलं, थांबला, पुन्हा सोडलं. मी हातोडी पुढे केली तर म्हणाला, पात्यावर मारायचं नाही. एक पान जरी वाकलं तरी तोल जातो, कूलर थरथरतो आणि ती थरथर नव्या मोटरचा बुश खाते. लाकडाचा ठोकळा दांड्याच्या टोकावर धरून तो हलके ठोकत राहिला. वीसेक मिनिटांनी पातं सैल झालं.

जुनी मोटर घेऊनच आम्ही पाटणी चौकाकडे निघालो. दांड्याची जाडी, लांबी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, सगळं ताडून घ्यायचं असतं. आणि फेरे. बाजारात मिनिटाला 900 आणि 1400 फेऱ्यांच्या, अशा दोन तऱ्हा मिळतात. 900 साठी घडवलेलं पातं 1400 च्या मोटरवर चढवलं तर वेग दीडपटीहून थोडा जास्त होतो, पण ते ओढायला सुमारे पावणेचारपट ताकद लागते, आणि नवी मोटरही तापून जाते. त्याने दोन मोटरी दोन तळहातांवर तोलल्या आणि जड ती घेतली. तांब्याची गुंडाळी अॅल्युमिनियमपेक्षा जड, ती वजनानेच कळते. सोबत 4 एमएफडीचा नवा कंडेन्सर.

बसवणं लवकर झालं. तारांचे जोड त्याने पाण्यापासून उंच, कोरड्या कोपऱ्यात घेतले आणि मोटरकडे जाणाऱ्या तारेला खाली झोळ ठेवला. तारेवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, मोटरपर्यंत चढत नाही. इतकी साधी युक्ती मी आजवर पाहिली नव्हती.

बटण दाबलं. पातं झरझर फिरलं, पण खोलीत वारा येईना. त्याने कागदाचा कपटा जाळीपुढे धरला. कपटा आत ओढला गेला. मोटर उलटी फिरत होती. पिन काढून त्याने एका गुंडाळीची दोन टोकं अदलाबदल केली, आणि या वेळी कपटा उडून माझ्या छातीवर आला.

मग तो पैशांचं न बोलता अर्थिंगला बसला. पत्र्यावरचा रंग खरवडून हिरवी तार बोल्टने आवळली, तीन खुंट्यांची पिन लावली, आणि भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत जातं का, तेही बल्ब लावून पाहिलं.

खरं तर गारवा मोटर देतच नाही. एक लिटर पाणी ताट्यांवर उडून जाताना हवेतून सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. मोटर फक्त दीड-दोनशे वॅटमध्ये ती कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढते. म्हणून वऱ्हाडाच्या कोरड्या उन्हात कूलर जीव वाचवतो आणि मृगाच्या दमट हवेत नुसता चिकचिकाट करतो.

जळकी मोटर तो पुन्हा गुंडाळी भरायला घेऊन गेला. जाताना पायरीवरून वळून आईला म्हणाला, "काकू, पाणी टाकाच्या आधी पिन काढत जा. रोज."

रात्री आईने आधी पिन काढली, ती उशाशी ठेवली, आणि मग बादली उचलली.