चेहऱ्याचं तेल: समज आणि वस्तुस्थिती

रंग नाही, वास नाही, हाताला जेमतेम जाणवेल इतकं पातळ. ‘स्क्वालेन’ नावाचं हे तेल आज बहुधा ऑलिव्हपासून किंवा उसाच्या साखरेपासून बनवतात. कोणी त्याला घाबरतं, तर कोणी त्याच्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवतं.

गैरसमज : तेलकट चेहऱ्याला तेल लावलं की मुरुमं येणारच.
वस्तुस्थिती : तेल कोणतं, यावर ते अवलंबून आहे. खोबरेलाने अनेकांची रंध्रं बुजतात. स्क्वालेनच्या बाबतीत ही शक्यता बरीच कमी. आपल्या तैलग्रंथींतून पाझरणाऱ्या द्रव्यात सुमारे १२ टक्के स्क्वालीन असतं आणि स्क्वालेन हे त्याचंच टिकाऊ रूप. रंध्रं बुजवण्याच्या शक्यतेनुसार तेलांना ० ते ५ गुण देणारे तक्ते मुख्यतः सशांच्या कानांवरच्या जुन्या चाचण्यांवर बेतलेले आहेत, त्यामुळे त्यांवर फार विसंबू नये. जबड्याच्या कडेला थोडं लावून काही दिवस पाहावं. मुरुमांवर उपचार चालू असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं.

गैरसमज : तेलाने त्वचेला ओलावा मिळतो.
वस्तुस्थिती : तेलात पाणी नसतंच, ते देणार कुठून? पाणी धरून ठेवण्याचं काम ग्लिसरीनसारखे घटक करतात. तेल त्वचा मऊ करतं आणि आहे ते पाणी उडू देत नाही. म्हणून चेहरा धुऊन, किंचित ओलसर असताना मॉइश्चरायझर आणि त्यावर दोन-तीन थेंब, हा क्रम. कोरड्याठाक चेहऱ्यावर नुसतं तेल चोळलं, तर चकाकी येते, पण त्वचा ओढल्यासारखी वाटणं फारसं कमी होत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत अनेकांना या थेंबांची गरजही पडत नाही.

गैरसमज : मग स्वयंपाकघरातलं ऑलिव्ह तेल काय वाईट?
वस्तुस्थिती : २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑलिव्ह तेलामुळे प्रौढांच्या त्वचेचं संरक्षक आवरण कमकुवत झालेलं दिसलं, सूर्यफुलाच्या तेलाने ते शाबूत राहिलं. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं, हे त्यामागचं संभाव्य कारण. ऑलिव्हपासून वेगळं काढलेल्या शुद्ध स्क्वालेनमध्ये हे आम्ल नसतं.

गैरसमज : वनस्पतिजन्य म्हणजे झाडातून थेट बाटलीत, म्हणून निर्धोक.
वस्तुस्थिती : स्क्वालीनचा शोध १९०६ साली जपानी रसायनतज्ज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांना लागला, तोही शार्कच्या यकृताच्या तेलात. स्क्वालीन हवेत लवकर खराब होतं. त्याला हायड्रोजन जोडला की टिकाऊ स्क्वालेन तयार होतं. उसाच्या बाबतीत यीस्टकडून साखर आंबवून घेतात आणि मिळालेल्या द्रव्यावर पुढची रासायनिक प्रक्रिया करतात. म्हणजे वनस्पतिजन्य असलं तरी ते कारखान्यातच घडतं, आणि त्याचा टिकाऊपणा या प्रक्रियेमुळेच येतो. उलट लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल पूर्ण नैसर्गिक असूनही ते लावून उन्हात गेलं, तर त्वचा भाजू शकते. स्क्वालेनच्या बाटलीत सुगंधी तेलं मिसळली आहेत का, हे घटकांच्या यादीत पाहून घ्यावं.

गैरसमज : तेल लावलं की सनस्क्रीन नको.
वस्तुस्थिती : स्क्वालेन अतिनील किरणं अडवत नाही. सनस्क्रीनमध्ये ते मिसळूही नये, कारण सनस्क्रीनचा थर विस्कटतो आणि संरक्षण घटतं. सकाळी लावायचंच असेल, तर ते आधी मुरू द्यावं आणि मग सनस्क्रीन लावावं. त्यापेक्षा रात्री लावणं सोयीचं.