निरपेक्ष स्वरज्ञान

कोणताही आधारस्वर ऐकविलेला नसताना, कानावर पडलेल्या नादाची उच्चनीचता ओळखून त्याचे नेमके नाव सांगण्याची अथवा सांगितलेला स्वर तशाच रीतीने गळ्यातून काढण्याची क्षमता. याउलट, एक स्वर आधाराला घेऊन त्याच्यापासूनच्या अंतरावरून दुसरा स्वर ओळखण्याच्या क्षमतेस सापेक्ष स्वरज्ञान म्हणतात. ‘कान चांगला असणे’ या रूढ शब्दप्रयोगात या दोहोंची गल्लत होते. प्रत्यक्षात त्या भिन्न क्षमता असून एक असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही.

स्वरूप : नादाची उच्चनीचता मुख्यतः त्याच्या कंप्रतेवर अवलंबून असते. कंप्रता दुप्पट झाली की तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. पाश्चात्त्य पद्धतीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असून लगतच्या दोन स्वरांच्या कंप्रतांत सु. ६ टक्क्यांचा फरक असतो. सराव असलेल्या श्रोत्यास १,००० हर्ट्झच्या आसपास २ ते ३ हर्ट्झचा फरकही जाणवतो. म्हणजे सूक्ष्म भेद जाणण्याची शक्ती पुष्कळांजवळ असते. निरपेक्ष स्वरज्ञानाचे वैशिष्ट्य कानाच्या तीक्ष्णतेत नसून स्मृतीत आहे. तांबडा रंग ओळखण्यासाठी जसा शेजारी दुसरा रंग ठेवावा लागत नाही, तसा या व्यक्तीस स्वर ओळखण्यासाठी दुसरा स्वर लागत नाही. मात्र स्वराचे नाव अचूक सांगणाऱ्या अशा व्यक्तीही तो कोणत्या सप्तकातील हे सांगताना चुकतात.

ही क्षमता विरळा असून ती दर दहा हजारांत सु. एका व्यक्तीत असावी, असा अंदाज दिला जातो. मोझार्ट (१७५६–९१) याच्याविषयी १७६३ मध्ये आउग्जबर्ग येथील वृत्तपत्रात आलेल्या पत्रात, हा सात वर्षांचा मुलगा वाद्यांचेच नव्हे, तर घंटा व घड्याळे यांचेही स्वर ओळखतो, असे वर्णन आढळते. जर्मन तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुंप्फ याने १८८३ मध्ये या विषयाची शास्त्रीय चर्चा केली.

कारणमीमांसा : ही क्षमता केवळ जन्मजात म्हणता येत नाही, कारण स्वरांची नावे व त्यांच्या कंप्रता या मानवी संकेताने ठरलेल्या आहेत. फ्रान्सने १८५९ मध्ये ‘ए’ या स्वरासाठी ४३५ हर्ट्झ हे मान निश्चित केले, तर १९३९ च्या लंडन परिषदेत ४४० हर्ट्झ हे मान स्वीकारण्यात आले. असा संकेत शिकावाच लागतो. तो शिकण्याचे वय मात्र निर्णायक दिसते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहाशेहून अधिक संगीतकारांच्या एका पाहणीत चौथ्या वर्षापर्यंत शिक्षण सुरू केलेल्यांपैकी सु. ४० टक्क्यांनी ही क्षमता असल्याचे सांगितले. नवव्या वर्षी वा त्यानंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण केवळ ३ टक्के होते. तथापि लवकर आरंभ करूनही अनेकांना ती लाभत नाही आणि ती काही कुटुंबांत अधिक आढळते. यावरून आनुवंशिकतेचाही भाग असावा असे मानतात.

मातृभाषेचाही प्रभाव संभवतो. चिनी भाषेत उच्चाराच्या सुरावरून शब्दाचा अर्थ बदलतो. डायना डॉइच व तिच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौथ्या-पाचव्या वर्षी शिक्षण सुरू केलेल्या बीजिंगच्या विद्यार्थ्यांपैकी सु. ६० टक्के, तर अमेरिकेतील रॉचेस्टरच्या तशाच विद्यार्थ्यांपैकी सु. १४ टक्के कसोटीस उतरले.

या क्षमतेचा अंश सामान्य माणसातही असतो. डॅन्येल लेव्हिटिन याने १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना त्यांच्या आवडीची ध्वनिमुद्रित गाणी स्मरणातून गावयास सांगितली असता, पुष्कळांनी ती मूळ पट्टीत किंवा तिच्या अगदी जवळ म्हटली.

मर्यादा : ओळखीची रचना वेगळ्या पट्टीत वाजविली असता अशा व्यक्तीस ती खटकते. उतारवयात सर्व स्वर अर्धा वा अधिक स्वर चढे ऐकू येऊ लागतात, असा अनेकांचा अनुभव आहे. विख्यात रशियन पियानोवादक स्व्ह्यातस्लाव्ह रिख्तर (१९१५–९७) यास हा त्रास झाला होता.

भारतीय संगीतातील स्थान : हिंदुस्थानी संगीतात षड्जाची कंप्रता ठरलेली नाही. गायक आपल्या गळ्याच्या धर्मानुसार काळी एक, पांढरी चार अशी पट्टी निवडतो आणि तंबोऱ्यावर लावलेल्या षड्जापासून इतर स्वर सिद्ध होतात. मूर्च्छनेच्या प्रक्रियेतून हे स्पष्ट होते. भूप रागाचे सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर तसेच ठेवून त्यांतील गांधारास षड्ज मानले असता मालकंसाचे, तर पंचमास षड्ज मानले असता दुर्गा रागाचे स्वर मिळतात. पाचही नादांच्या कंप्रता अचूक सांगणाऱ्यास षड्ज कोणता हे उमगले नाही, तर राग कळणार नाही. तसेच तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गांधार (षड्जाशी ५ : ४ हे प्रमाण) हार्मोनियमवरील गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, हा भेद षड्जाच्या संबंधातूनच पारखला जातो. म्हणून या परंपरेत ‘कान तयार होणे’ म्हणजे सापेक्ष स्वरज्ञान सूक्ष्म होणे होय.

शिक्षणातील महत्त्व : बेसूर गाणाऱ्या मुलास कानच नाही असे ठरवून संगीतापासून दूर ठेवले जाते. परंतु अशा गाण्याचे कारण पुष्कळदा श्रवणातील दोष नसून ऐकलेला स्वर गळ्यातून काढण्याचा सराव नसणे हे असते. स्वरांतील भेदच न जाणवण्याचा जन्मजात दोष अस्तित्वात आहे. पण तो शेकडा काही थोड्या व्यक्तींतच आढळतो. निरपेक्ष स्वरज्ञान प्रौढ वयात पूर्णत्वाने साध्य होणे दुष्कर असले, तरी सापेक्ष स्वरज्ञान अभ्यासाने कोणत्याही वयात वाढते. तंबोऱ्याच्या साथीने दीर्घकाळ एकेक स्वर लावणे, तो कणसूर होताच थांबून पुन्हा मिळविणे आणि अलंकारांचा पाठ करणे, ही त्याची परंपरागत साधने होत.