मरणानंतर दोनच वाटा

माधवनगरात कुणी गेलं की चौकात फलक लागतो, ‘मृतात्म्यास चिरशांती लाभो’. गेलेला माणूस ख्रिस्ती असला तरी मजकूर तोच. भावना चांगलीच, पण सांगली-मिरजेकडच्या जुन्या मिशनच्या परंपरेत मृतासाठी असं मागणंच नाही.

ही परंपरा प्रेस्बिटेरियन. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर यांनी कोल्हापुरात मिशन सुरू केलं. पुढे १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत दवाखाना उघडला. या पंथाची शिकवण १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात आहे. देह मातीत जातो, आत्मा तत्क्षणी देवाकडे. तिथून स्वर्ग किंवा नरक, तिसरी जागा नाही. निकाल लागलेल्या माणसासाठी मागायचं काय? म्हणून दफनाच्या वेळी पाळक बोलतात ते कबरीभोवती उभ्या असलेल्यांच्या सांत्वनासाठी. पेटी खाली सोडली की जो तो मूठभर माती टाकतो. पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणं नाही.

गरुडपुराणातला नरक भयंकर खरा, पण भोग संपले की पुन्हा जन्म आहेच. ख्रिस्ती मतात जन्म एकच, न्याय एकदाच आणि रूढ शिकवणीनुसार शिक्षा अनंतकाळची. हा ‘अनंत’ शब्द खुद्द ख्रिस्ती लोकांनाही पचायला जड गेला आहे. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मानतात, की मेलेले येशूच्या पुनरागमनापर्यंत निद्रिस्त असतात आणि दुष्ट शेवटी नष्ट होतात, कायम जळत राहत नाहीत. कॅथलिकांनी स्वर्गाआधीचं शुद्धिस्थान मानलं. त्यामुळे वसईकडे २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं-मेणबत्त्या दिसतात आणि मृतांसाठी मिस्साही होते.

मला वाटतं, नरकाच्या आगीकडे आपलं उगाच जास्त लक्ष जातं. या श्रद्धेचा खरा भर पुनरुत्थानावर आहे. आत्मा देवाकडे पोचला म्हणून गोष्ट संपत नाही. शेवटच्या दिवशी देहही उठायचा आहे. दफनाचा आग्रह आला तो यातूनच. पण मातीतून देह उठवणाऱ्या देवाला राखेची काय अडचण, असंही विचारता येतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं. रोमच्या कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली ती १९६३ मध्ये.