लहान ब्रूअऱ्यांतील ताजी बिअर : प्रवाशाने निवड कशी करावी?

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा या गावाहून पुण्यास निघालेला प्रवासी मेहकर, सिंदखेडराजा व जालना या मार्गाने छत्रपती संभाजीनगरास येतो आणि पुढे अहिल्यानगरवरून पुणे गाठतो. पल्ला चारशे किलोमीटरांहून अधिक आहे. मुलगा किंवा पुतण्या पुण्यास नोकरीस असतो, मुक्काम दोन दिवसांचा ठरतो, आणि तेथील लहान ब्रूअऱ्यांत मिळणारी ताजी बिअर चाखून पाहावी असा बेत होतो. अशी ठिकाणे पुष्कळ आणि वेळ थोडा. मग कोणती पाहावीत व कोणती वगळावीत? प्रश्न वरकरणी चैनीचा आहे. परंतु त्याचे उत्तर बिअर हा पदार्थ कसा घडतो व कसा बिघडतो, यात दडलेले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खेडोपाडी भट्टी म्हटले की मोहाची किंवा गुळाची हातभट्टी डोळ्यांसमोर उभी राहते. तेथे आंबवलेला द्रव तापवून त्याची वाफ गोळा करतात. म्हणून त्या दारूत मद्यार्काचे प्रमाण फार वाढते. बिअरमध्ये हे ऊर्ध्वपातन मुळीच नाही. सातूला, म्हणजेच जवाला, मोड आणून तो वाळवितात. त्यास माल्ट म्हणतात. माल्टचा भरडा सुमारे पासष्ट अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवला, की दाण्यातील पिठाची साखर होते. तो गोड काढा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क व कर्बवायू निर्माण करते. ‘एल’ जातीची बिअर साधारण दोन-तीन आठवड्यांत पिण्याजोगी होते. ‘लागर’ थंड टाकीत महिनाभर किंवा त्याहूनही अधिक काळ मुरावी लागते. म्हणजे बिअर ही दारूच्या बाटलीपेक्षा पावाच्या किंवा दह्याच्या अधिक जवळची वस्तू होय. बहुतेक प्रकारांत ताजेपणा हाच तिचा गुण, आणि शिळेपणा हाच तिचा शत्रू.

किन्हीराजाहून येणाऱ्या प्रवाशास याची दुसरी बाजू वाटेतच दिसते. संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत. लुई पाश्चर याने 1876 मध्ये बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि बाटलीतील बिअर साठ अंशांच्या आसपास काही मिनिटे तापवून टिकवावयाची रीत पुढे सर्वत्र रूढ झाली. गाळून व तापवून भरलेली अशी बिअर महिनोन्‌महिने टिकते आणि दूरदूरच्या गावी पोचते. तिची चव सर्वत्र सारखीच. म्हणून ती पिण्यासाठी प्रवास करावयाचे कारण नाही. याच कारखान्यांनी आणखी एक धडा दिला आहे. एक लिटर बिअरमागे कित्येक लिटर पाणी खर्ची पडते. 2016 च्या दुष्काळात मराठवाड्यातील लोक टँकरची वाट पाहत असता, येथील मद्यकारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास द्यावा लागला. समोर आलेला पेला अर्धवट टाकून उठणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

लहान ब्रूअरीचा प्रकार याहून निराळा. येथे बिअर बनते त्याच छपराखाली विकली जाते. महाराष्ट्रात याचा आरंभ पुण्यात झाला. ‘डूलाली’ या नावाची ब्रूअरी 2009 मध्ये तेथे सुरू झाली. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश आहे. देवळालीच्या छावणीत मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांच्या बोलीत ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला. पुढे मुंबई-पुण्यात अशा ब्रूअऱ्या वाढत गेल्या. मुंढव्यास ‘इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी’ निघाली, तर डोंबिवलीच्या ‘गेटवे ब्रूइंग’ने आपली बिअर पिंपांतून उपाहारगृहांना पुरविण्याचा मार्ग धरला.

या शेवटच्या उदाहरणातच निवडीची पहिली कसोटी सापडते : बिअर येथेच बनते, की पिंपातून येथे येते? पिंपातील बिअर वाईट असते असे नव्हे. परंतु ती अनेक ठिकाणी मिळू शकते. ज्याच्यापाशी दोनच संध्याकाळी आहेत, त्याने टाक्या जागेवर आहेत तेथेच जावे. पितळी नळ व लाकडी पाट्या पाहून भुलू नये; टाक्या कोठे आहेत, हे सरळ विचारावे.

दुसरी कसोटी यादीची. नळ पंधरा आणि गिऱ्हाईक तुरळक, अशा ठिकाणी कोणती ना कोणती बिअर शिळी असणारच. चार-सहा प्रकारांची लहान यादी आणि गिऱ्हाइकांची ये-जा ही ताजेपणाची खूण होय. ‘सध्याची गव्हाची बिअर केव्हा तयार झाली?’ एवढा एकच प्रश्न पुरे. चांगल्या ठिकाणचा नोकर त्याचे उत्तर देतो, किंवा माहीत नसल्यास आत जाऊन विचारून येतो.

तिसरी कसोटी जिभेची. प्रथम आंब्याची, कॉफीची किंवा मसाल्याची बिअर मागवू नये. भडक चवीखाली दोष झाकले जातात. साधी, फिकट, हलकी बिअर मागवावी. ती बनविणे सर्वांत कठीण, कारण तिच्यात काहीच लपत नाही. लोण्यासारखा वास आला, तर ती पुरती पिकण्याआधीच टाकीतून काढली असण्याचा संभव असतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागून शिळी झाल्याचे चिन्ह, आणि नको तेथे आंबटपणा हे अस्वच्छ नळाचे किंवा टाकीचे. मात्र जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा व लवंगेचा वास आला, तर तो दोष समजू नये. तो तिच्या यीस्टचा स्वाभाविक गुण आहे. साधी बिअर उतरली, तरच पुढच्या प्रकारांकडे वळावे. न उतरल्यास पैसे चुकते करून उठावे.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि ती हिशेबाची आहे. पाच टक्के मद्यार्काच्या तीनशे मिलिलिटर पेल्यात पंधरा मिलिलिटर, म्हणजे सुमारे बारा ग्रॅम मद्यार्क असतो. मनुष्याचे यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्काचा निकाल लावते. एका संध्याकाळी चार ठिकाणी अर्धा-अर्धा लिटर घेणाऱ्याच्या पोटात जवळजवळ ऐंशी ग्रॅम जातो. रात्री अकरास उठलेला असा मनुष्य सकाळी सातास परतीच्या वाटेवर मोटार चालवू लागला, तर आदल्या रात्रीचे मद्य अजून त्याच्या रक्तात असू शकते. कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असता वाहन चालविणे हा गुन्हा आहे. 19 मे 2024 रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेले, आणि ती मोटार अल्पवयीन मुलगा मद्य पिऊन चालवीत होता असा आरोप झाला. त्या पहाटेची आठवण पुणेकरांस अजून आहे.

म्हणून ठिकाणांची निवड नकाशा समोर ठेवून करावी. मुंढवा व कोरेगाव पार्क शहराच्या पूर्वेस, तर बाणेर व बालेवाडी पश्चिमेस. एका संध्याकाळी एकच बाजू धरावी, फार तर दोन ठिकाणे पाहावीत, प्रत्येकी एक लहान पेला घ्यावा आणि सोबत जेवण करावे. मोटार घरीच ठेवून रिक्षाने जावे. महाराष्ट्रात एकविसाच्या आतील तरुणास बिअर देता येत नाही व पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. गांधीजयंतीस विक्री बंद असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितले आहे, की आरोग्यास पूर्ण निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. तेव्हा न पिणाऱ्या सोबत्यास आग्रह करणे हे आतिथ्य नव्हे.

या चार कसोट्या लावल्या, की लांबलचक यादीतून दोन-तीन नावे उरतात, आणि तेवढी पुरतात. उरलेला वेळ ज्या मुलाला किंवा पुतण्याला भेटावयास आलो, त्याच्याशी बोलण्यात घालवावा. आणि परतीच्या दिवशी सुकाणूवर अशाच मनुष्याने बसावे, ज्याने आदल्या रात्री पेल्यास हात लावलेला नाही.